मुलगी सहावीत, शाळा पुण्यातली: इंग्रजीच्या तासाला नेमकं काय शिकवतात?

कामानिमित्त नव्याने पुण्यात आलेल्या पालकांचे जूनमधले प्रश्न ठरलेले असतात. आधी फी, मग रिक्षावाले काका, आणि नंतर जरा आवाज खाली आणून, "मॅडम, इथली मुलं इंग्रजीत पुढं असतील ना हो? आमचीचं कसं होणार?" मी इथे मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवते, सेमीच्या तुकड्याही माझ्याकडे आहेत. शाळेच्या फाटकात उभ्या-उभ्या या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. तुमचं स्वतःचं इंग्रजी पाचवीला सुरू होऊन दहावीला संपलं असेल तरी बिघडत नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना इंग्रजी यावं लागत नाही. मुलाची वही उघडून तिच्यातलं कोणतं वाक्य त्याचं स्वतःचं आहे, हे शोधता आलं की पुरे.

पहिली पायरी: कोणतं इंग्रजी, ते आधी ठरवा

एकाच सोसायटीतली चार मुलं चार वेगळी इंग्रजी शिकत असतात, आणि त्यांच्या आया लिफ्टमध्ये एकमेकींशी तुलना करत असतात. राज्य मंडळाच्या मराठी माध्यमात इंग्रजी ही तृतीय भाषा आहे. पहिली मराठी, दुसरी हिंदी. 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवतात, पण कागदोपत्री क्रम तिसरा, आणि पुस्तकाची काठिण्यपातळीही त्याच हिशेबाने ठरते. या मुलांचं पुस्तक 'माय इंग्लिश बुक'. इंग्रजी माध्यमात इंग्रजी प्रथम भाषा, तिथे 'इंग्लिश बालभारती'. दोन्ही पुस्तकं बालभारतीचीच, दिसायलाही सख्खी भावंडं, त्यामुळे दुकानात अदलाबदल होते. सीबीएसईच्या शाळांमध्ये एनसीईआरटीचं 'पूर्वी' आलंय, सहावीला 2024 पासून आणि सातवी-आठवीला 2025 पासून. शेजारच्या ताईकडून जुनं पुस्तक घेणार असाल तर एवढं तपासून घ्या.

सेमीबद्दल वेगळं सांगायला हवं. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. इंग्रजी विषयाचं पुस्तक मात्र तेच, तृतीय भाषेचं. "सेमीत घातलंय, म्हणजे इंग्रजी पक्कं होईल," असं पालक गृहीत धरतात. प्रत्यक्षात सेमीतल्या मुलाला 'इव्हॅपोरेशन' हा शब्द स्पेलिंगसकट पाठ असतो, पण "पाणी का आटलं?" याचं उत्तर एका धड इंग्रजी वाक्यात देता येत नाही. शब्द विज्ञानाच्या तासाला मिळतात, वाक्य इंग्रजीच्या तासाला. दोन्हींची गाठ घालायचं काम बहुतेक वेळा कुणाचंच नसतं, म्हणून ते घरी करावं लागतं.

पुस्तक विकत आणायची घाई करू नका. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांमध्ये आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. बालभारतीचं मुख्यालय इथेच सेनापती बापट रस्त्यावर आहे, आणि सगळी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्येही आहेत. अप्पा बळवंत चौकात जायचंच असेल तर दोनच गोष्टी आणा: एक मध्यम आकाराचा इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि अक्षर सुधारायला एक चाररेघी वही. दुकानदार 'गाईड देऊ का' म्हणून विचारेलच. त्याला सांगा, दिवाळीनंतर बघू.

दुसरी पायरी: धडा कसा असतो, ते बघा

आपल्या वेळी धडा, खाली कठीण शब्द, मग प्रश्नोत्तरं, असा मामला होता. आता एका धड्यात संवाद असतो, चित्र असतं, कधी नाटुकलं, कधी सूचनाफलक किंवा जाहिरात. धडा सुरू व्हायच्या आधीच मुलांना बोलतं करणारा एखादा खेळ असतो. शेवटी प्रश्न असतात, त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार. पहिला, उतारा बघून सांगता येणारे: चूक की बरोबर, रिकाम्या जागा, जाळं पूर्ण करा. दुसरा, शब्दांचे: विरुद्धार्थी शोधा, यमक जुळणारे लिहा, एका शब्दापासून दुसरे बनवा. तिसरा प्रकार म्हणजे "तुला काय वाटतं? तू असतास तर काय केलं असतंस?" याला आम्ही पर्सनल रिस्पॉन्स म्हणतो.

पहिल्या दोन प्रकारांची उत्तरं फळ्यावरून उतरवता येतात. तिसऱ्याचं उत्तर फळ्यावर असतं तेव्हा काहीतरी गडबड आहे असं समजा. चाळीस वह्यांमध्ये एकच 'माझं मत' असू शकत नाही. तुम्ही वही उघडाल तेव्हा सरळ हा तिसरा प्रश्न गाठा. आधीची पानं सुवाच्य, लाल शाईत 'गुड' लिहिलेली असतील. ती बघून खूश होऊ नका आणि नाराजही होऊ नका.

तिसरी पायरी: वाचन

पाचवीत आलेलं मूल इंग्रजी वाचतं ते बहुधा चेहरेपट्टीवरून. 'हाउस' दिसला की हाउस, 'हॉर्स' दिसला तरी हाउस. म्हणून पाचवी-सहावीत आम्ही परत ध्वनींकडे जातो. 'सी' या अक्षराच्या पुढे ई, आय किंवा वाय आला तर उच्चार बहुतेकदा स, नाहीतर क. शेवटी मुका ई आला की मधला स्वर बदलतो: 'कॅप'चा 'केप' होतो, 'किट'चा 'काइट', 'हॉप'चा 'होप'. 'नाइफ' आणि 'नी' यांच्या सुरुवातीला के असतो, पण तो गप्प बसतो. व्ही आणि डब्ल्यू यांचा उच्चार मराठी जीभ एकच करून टाकते, तिथे थोडा सराव लागतो.

घरोघरी एक सवय दिसते. पुस्तकातल्या प्रत्येक इंग्रजी ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहिलेला असतो. आई प्रेमाने लिहून देते, मूल वरची ओळ घडाघडा वाचतं, आणि खालच्या इंग्रजी अक्षरांकडे डोळा जातच नाही. (या लेखात मीही इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहितेय, पण लेख मोठ्यांसाठी आहे.) अडलेल्या एखाद्या शब्दावर लिहायला हरकत नाही. अख्खी ओळ मात्र आजच खोडरबराने पुसा.

वाचन येतं की धडा पाठ झालाय, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. धड्याचं शेवटचं वाक्य आधी वाचायला सांगा, मग त्याच्या वरचं, मग त्याच्याही वरचं. पाठ असलेलं मूल तिथेच अडखळतं. आणि अजून शिकवला नसलेला एखादा धडा काढून त्यातल्या चार ओळी वाचायला द्या. किती शब्दांवर अडलं ते मोजा, रागावू नका, आणि महिन्याभराने पुन्हा बघा.

चौथी पायरी: व्याकरण, म्हणजे मराठी घरातली मुलं कुठे आणि का अडतात

इथे मी जरा रेंगाळणार आहे. मुलं चुकतात ती बेशिस्तीने नाही, मराठीच्या सवयीने, आणि ती सवय पालकांना माझ्याइतकीच ओळखीची आहे.

"मी आंबा खातो" यात क्रियापद शेवटी. इंग्रजीत ते मध्ये येतं, "आय ईट अ मँगो". हे पाचवीच्या दिवाळीपर्यंत बसतं. त्याहून चिवट चूक म्हणजे "आय ॲम गो टु स्कूल". याचं मूळ पहिलीत आहे. पाहुण्यांसमोर "आय ॲम अमुक तमुक" म्हणायला शिकवलेलं असतं, आणि मूल 'आय ॲम' हा एकच शब्द धरून बसतं. त्यावर उपाय म्हणजे दोन वाक्यं शेजारी-शेजारी ठेवणं. रोजची गोष्ट, "आय गो". आत्ता चाललेली गोष्ट, "आय ॲम गोइंग". स्वयंपाकघरातही विचारता येतं: आई रोज काय करते, आणि आत्ता काय करतेय?

मग 'ही गोज', 'शी ईट्स' यातला एस. सहावी-सातवीत निम्मी लाल शाई यावरच खर्च होते. नियम सगळ्यांना पाठ असतो, लिहिताना सुटतो. त्याला पाठांतर उपयोगाचं नाही, मोठ्याने बोलणंच लागतं.

प्रश्न विचारणं हे तर वेगळंच प्रकरण. मराठीत वाक्य आहे तसं ठेवून शेवटी 'का' जोडला की प्रश्न तयार: "तू चहा पितोस का?" इंग्रजीत आधी 'डू', 'डझ' किंवा 'डिड' येतो आणि मग क्रियापद मूळ रूपात. मुलं 'डिड'ही घालतात आणि पुढे 'वेंट'ही: "डिड यू वेंट?" भूतकाळ एकदा 'डिड'ने दाखवला की दुसऱ्यांदा दाखवायचा नाही, हे सातवीत शंभरदा सांगावं लागतं.

लिंगाचा घोटाळा गमतीचा असतो. आपली बस 'ती', खुर्ची 'ती', म्हणून एका मुलीने पीएमटी येताना बघून लिहिलं, "शी इज कमिंग". आणि आपल्याकडे बाबा 'आले', आजोबा 'गेले'. त्या आदरार्थी अनेकवचनाने "माय फादर आर इन ऑफिस" असं वाक्य जन्माला येतं. मूल उद्धट नाही, उलट फारच अदबशीर आहे. इंग्रजीत बाबांनाही 'ही' म्हणायचं असतं, हे एकदा हसतखेळत सांगून टाका.

मराठीत जे काम 'त', 'ला', 'वर' करतात, त्याला इंग्रजीत शब्दाआधी वेगळा छोटा शब्द लागतो. पुण्यात, 'इन पुणे'. स्वारगेटला, 'ॲट स्वारगेट'. सोमवारी, 'ऑन मंडे'. पाच वाजता, 'ॲट फाइव्ह'. हे नियमाने शिकवण्यापेक्षा जोडीने पाठ करून घेतलेलं बरं. 'अ', 'ॲन', 'द' यांना तर मराठीत कुणी भाऊबंदच नाही, त्यामुळे ते शेवटपर्यंत सतावतात. पाचवी-सहावीत एवढं कळलं तरी चालेल की 'ॲन' अक्षर बघून नाही, उच्चार ऐकून लागतो. म्हणून 'ॲन अवर', पण 'अ युनिफॉर्म'.

सातवी-आठवीत विशेषणांच्या तुलना, वाक्यांचं रूपांतर, प्रयोग, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कथन येतं. नावं ऐकून बिचकू नका, यातलं बरंचसं मराठी व्याकरणात होऊन गेलेलं असतं. फक्त एक सापळा आहे: "रामाने आंबा खाल्ला" हा मराठीत कर्मणी प्रयोग, पण त्याचं इंग्रजी साधं कर्तरीच होतं, "राम एट अ मँगो". 'ने' दिसला की 'बाय' घालायचा, हे सूत्र कुणी शिकवलं असेल तर ते विसरायला सांगा.

पाचवी पायरी: लेखन

सहावीतल्या एका मुलाची वही माझ्यासमोर आली होती. जूनमध्येच बार्शीकडून आलेला, वर्गात तोंड न उघडणारा. पावसावरच्या कवितेखाली तिसऱ्या प्रकारचा प्रश्न होता, "तुला पाऊस आवडतो का?" बाकीच्यांनी गाईडमधून हिरवीगार झाडं आणि नाचणारे मोर उतरवले होते. याने लिहिलं होतं, "आय नॉट लाइक रेन बिकॉज पप्पा गाडी नॉट स्टार्ट अँड आय लेट."

वर्गातलं त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं उत्तर हेच होतं. त्यात कारण आहे, 'बिकॉज' बरोबर जागी आहे, आणि परिणामही सांगितलाय. चुका मोजल्या तर चार-पाच निघतील, पण नीट बघा: दोन ठिकाणी एकच चूक आहे. नुसता 'नॉट' ठेवलाय, पहिल्या ठिकाणी 'डोन्ट' हवं आणि दुसऱ्या ठिकाणी 'डझन्ट'. मी तेवढ्याच दोन जागी लाल खूण केली. 'पप्पा गाडी'चं 'माय फादर्स स्कूटर' हे पुढच्या आठवड्याचं काम. 'आय लेट' मधला हरवलेला 'ॲम' त्याच्याही पुढचा. हाच मुलगा दुसऱ्या पानावर "आय ॲम प्ले" लिहितो, म्हणजे नको तिथे 'ॲम' आणि हवा तिथे नाही. दोन्ही वाक्यं शेजारी लिहून दाखवली की ते त्याचं त्यालाच दिसतं. घरी वही तपासताना हाच क्रम ठेवा: एका वेळी एकच जातीची चूक. सगळं पान लाल केलंत तर पुढच्या वेळी तोही मोर उतरवून आणेल.

लेखनाचे बाकीचे प्रकार पटकन सांगते. पाचवीत चित्राचं वर्णन, स्वतःबद्दल पाच वाक्यं, शुभेच्छापत्र. सहावी-सातवीत संवाद, मुद्द्यांवरून गोष्ट, मित्राला पत्र, रोजनिशीचं पान. आठवीपर्यंत औपचारिक पत्र, छोटा निबंध, बातमी किंवा अहवाल, आणि तक्त्यातली माहिती परिच्छेदात मांडणं. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज हा सगळ्यांचा लाडका, आणि त्यात अख्ख्या महाराष्ट्राला ताप आलेला असतो. "आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर" हे वाक्य मुलांना झोपेतही म्हणता येतं. घरी सरावाला खरं कारण द्या. गावी जत्रा आहे, आत्याचं लग्न आहे, रात्री पाणी आलं नाही. मग वाक्य बनवावंच लागतं.

सहावी पायरी: कविता

यावर वेळ घालवू नका, मूल आधीच अर्धं तयार आहे. यमक, अनुप्रास, उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती हे सगळं मराठीच्या बाईंनी शिकवलेलं असतं. इंग्रजीच्या तासाला त्यांनाच राइम, अलिटरेशन, सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन म्हणतात. मराठीच्या वहीत जिथे व्याख्या आहे तिथेच समोर इंग्रजी नाव लिहायला सांगा. कविता चालीवर म्हणू द्या, शेजाऱ्यांची पर्वा न करता.

सातवी पायरी: गुण कुठून येतात

प्रगतिपुस्तकावर आकारिक आणि संकलित असे दोन शब्द दिसतील. आकारिक म्हणजे वर्षभर चाललेलं: निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, वर्गकार्य. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची लेखी-तोंडी परीक्षा. 2010 च्या शासन निर्णयाने पाचवी-सहावीला दोन्हींचा भार निम्मा-निम्मा ठेवला, सातवी-आठवीला आकारिक 40 आणि संकलित 60 टक्के. म्हणजे वर्गात तोंड उघडण्यालाही गुण आहेत. नवीन शाळेत बुजलेलं मूल नेमके तेच घालवतं. "आठवीपर्यंत नापास करत नाहीत" हे ऐकून निर्धास्त असाल तर एक लक्षात घ्या: पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा असते. त्यात उत्तीर्ण न झाल्यास पुनर्परीक्षा, आणि त्यातही राहिलं तर मूल त्याच वर्गात बसतं.

शिष्यवृत्ती परीक्षेचा विषय पुण्यात निघतोच. मराठी माध्यमाच्या मुलांना दुसऱ्या पेपरात तृतीय भाषा म्हणून इंग्रजी असतं: 25 प्रश्न, 50 गुण, सगळे पर्यायी. त्या तयारीने शब्दसंग्रह वाढतो हे खरं. पण गोल रंगवून वाक्य लिहायला येत नाही, त्यामुळे ती तयारी वर्गातल्या लेखनाच्या ऐवजी करू नका.

आठवी पायरी: घरी रोज वीस मिनिटं

दहा मिनिटं मोठ्याने वाचन, तुम्ही पोळ्या लाटताना चालेल. पाच मिनिटं शब्दकोश, स्वतः पानं उलटून, मोबाइलवर नाही. पाच मिनिटं दिवसाबद्दल दोन वाक्यं, स्वतःची. सेमीत असेल तर त्यातलं एक वाक्य आजच्या विज्ञानाच्या धड्यावर. ही वाक्यं तपासलीच पाहिजेत असं नाही, पण तारीख घालून एका वहीत राहू द्या. मेट्रोने जात असाल तर पुढच्या स्थानकाची घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. मराठी आधी कळलेलं असतं, त्यामुळे इंग्रजी कान देऊन ऐकायला तो फुकटचा तास आहे.

स्पोकन इंग्लिशच्या क्लासच्या पाट्या तुम्हाला चौकाचौकात दिसतील. माझं मत विचाराल तर पाचवी-सहावीला गरज नाही. घालणारच असाल तर फी भरण्याआधी एक तास मागे बसून बघा. तासात सर किती बोलले आणि मुलं किती, एवढंच पाहा. सरच बोलत असतील तर तसा तास शाळेत फुकट मिळतो.

शेवटची पायरी: पालकसभा आणि दिवाळी

पहिल्या पालकसभेत "कसा आहे हो अभ्यासात?" असं विचारलंत तर "ठीक आहे, लक्ष द्या" हेच उत्तर मिळेल. त्यापेक्षा विचारा: वर्गात स्वतःहून बोलते का? न शिकवलेला उतारा वाचू शकते का? तिची सध्याची एक मोठी चूक कोणती? तिसऱ्या प्रश्नावर बाईंना वही काढावी लागते, आणि तुमचं काम तिथून सुरू होतं. आधीच्या शाळेत काय झालं होतं आणि काय राहिलं होतं, तेही त्याच वेळी सांगा. आम्हाला ते दाखल्यावर दिसत नाही.

सहावीत नव्याने आलेल्या मुलाकडून दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या अपेक्षा तीनच असतात. न शिकवलेलं अर्धं पान चार-पाच ठिकाणी अडत का होईना वाचावं. स्वतःची पाच वाक्यं चुकत का होईना लिहावीत. आणि वर्गात एखादा प्रश्न इंग्रजीत विचारावा, "मे आय गो टु टॉयलेट?" सोडून. यातलं काही जमत नसेल तर सुट्टी लागायच्या आधीच येऊन भेटा. दुसऱ्या सत्रात क्रीडास्पर्धा, सहल आणि स्नेहसंमेलन यांत दोन महिने कसे जातात ते आम्हालाही कळत नाही, आणि फेब्रुवारीत आलेल्या पालकांना मी काही विशेष देऊ शकत नाही.